घरखर्चाची वही : स्वस्तातले वेल्डिंग मशीन घ्यावे का?

कोकणातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती नोकरीनिमित्त आखातात असतात. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावीनंतर घरीच आहे. त्याने मोबाइलवर एक छोटे वेल्डिंग मशीन पाहून ठेवले आहे. किंमत सहा हजारांच्या आसपास. तो म्हणतो, "अम्मी, घरची कामे घरात होतील, वर चार पैसेही मिळतील. दोन महिन्यांत किंमत वसूल." अब्बा फोनवरून म्हणतात, घेऊन दे, रिकामा बसण्यापेक्षा बरे. दादीला मात्र डोळ्यांची आणि आगीची धास्ती आहे. "पैसा पाठवणारा तिकडे उन्हात राबतो, म्हणून इथे प्रत्येक हजाराचा विचार करते. मी काय करू?" असे या भगिनींनी विचारले आहे.

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून या महिन्याचे पूर्ण पान त्याला देत आहोत. पूर्वी वेल्डिंग मशीन म्हणजे तांब्याच्या गुंडाळीचे, दोन माणसांनी उचलायचे धूड असे. ते कारखान्यात किंवा नाक्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातच दिसे. आता इन्व्हर्टर पद्धतीची चार-पाच किलोंची मशीने आली आहेत. खांद्याला अडकवून नेता येतात आणि किंमत मिक्सरच्या वरच्या आकड्याइतकी. त्यामुळे घरोघरी "घ्यायचे का?" हा विषय निघतो. आमचे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर मशीनच्या किमतीत नाही. ते तीन ठिकाणी आहे : तुमच्या कामांच्या यादीत, तुमच्या घराच्या जागेत आणि ते हाती धरणाऱ्याच्या शिस्तीत.

खरी किंमत किती?

जाहिरातीत दिसतो तो फक्त मशीनचा आकडा. त्या डब्यात बहुधा होल्डर, अर्थिंगचा चिमटा, हातात धरायची प्लास्टिकची काच आणि एक छोटा ब्रश असतो. तेवढ्यावर काम होत नाही. लोखंड कापायला आणि जोड घासायला ग्राइंडर लागतोच. डोक्यावर बसणारी, ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी काच घ्यावी लागते. चामड्याचे हातमोजे, अॅप्रन, स्लॅग फोडायची हातोडी, गुण्या, दोन-तीन क्लॅम्प, रॉडचे पुडके आणि हात बसेपर्यंत वाया जाणारे लोखंड हे सगळे धरावे लागते.

एक नमुना हिशोब मांडू. मशीन ६,००० रुपये, काच १,२००, हातमोजे व अॅप्रन ६००, ग्राइंडर २,२००, हातोडी-ब्रश-क्लॅम्प-गुण्या ७००, रॉड आणि सरावाचे भंगार लोखंड ८००. बेरीज ११,५०० रुपये. तुमच्या बाजारात आकडे थोडे मागेपुढे होतील. पण मशीनच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट खर्च येतो, हे गृहीत धरूनच पुढे चला.

आता दुसरी बाजू. गेटची बिजागरी सुटली, खिडकीच्या ग्रिलचा टाका तुटला, खुर्चीचा पाय निखळला, अशी कामे नाक्यावरचा वेल्डर करून देतो. एका कामाचे सरासरी ३०० रुपये धरा. ११,५०० रुपये वसूल व्हायला अशी अडतीस कामे लागतील. एका घरात वर्षाला अशी किती कामे निघतात? मागच्या वर्षाची आठवून लिहा. पाच निघाली तर पुष्कळ. म्हणजे वसुलीला साडेसात वर्षे. केवळ किरकोळ दुरुस्तीसाठी मशीन घेणे हा तोट्याचा सौदा आहे, हे इथेच स्पष्ट होते.

हिशोब बदलतो तो नवीन वस्तू बनवण्यात. मंडणी, कुंड्यांचे स्टँड, कोंबड्यांचा खुराडा, अंगणातला बाक, पाण्याच्या टाकीखालची छोटी घडवंची, कपडे वाळत घालायचा स्टँड. अशा वस्तूंच्या किमतीत लोखंडापेक्षा मजुरीचा वाटा बराच असतो, आणि तो वाटा घरात राहतो. वर्षात अशा चार-पाच वस्तू खरोखर लागणार असतील आणि घरात बनवणारा हात असेल, तर वसुली एक-दोन वर्षांवर येऊ शकते. म्हणून पहिले काम हे : कागद घ्या आणि येत्या वर्षात नक्की करायच्या वस्तू लिहा. "कधीतरी करू" अशा वस्तू त्यात धरू नका. यादी तीनच्या पुढे जात नसेल तर लोखंड विकत आणा आणि ते वेल्डरकडून जोडून घ्या.

डब्यावरचे २०० आणि भिंतीतला प्लग

स्वस्त मशीनच्या डब्यावर मोठ्या अक्षरात २०० अँपिअर लिहिलेले असते. मुलांना त्या आकड्याची भुरळ पडते. तो आकडा तपासायला शाळेतले गणित पुरते. घरातला मोठा प्लग १६ अँपिअरचा. विजेचा दाब २३० व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार ३,६८०. घरातून यापेक्षा जास्त ओढता येत नाही. २०० अँपिअरवर वेल्डिंग करताना रॉडच्या टोकाशी साधारण २८ व्होल्ट लागतात. म्हणजे ५,६०० वॅट, आणि मशीनमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. भिंतीतून ३,६८० निघतात आणि टोकाला ५,६०० हवेत, हे जमणार कसे? या प्लगवर स्वस्त मशीनकडून ८०-९० अँपिअरच्या आसपासच काम घ्यायचे असते. त्यापुढे गेलात तर एमसीबी पडेल किंवा प्लग वितळेल.

यात निराश होण्यासारखे मात्र काही नाही. घरगुती कामाला लागणारा अडीच मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर छान चालतो. म्हणून २०० चा आकडा सोडा, ६० ते ९० मध्ये मशीन स्थिर चालते का एवढेच पाहा. पातळ पाइपसाठी तर याहून खाली, ४०-५० वर ठिणगी टिकते का ते पाहावे लागते.

दुसरा शब्द विचारायचा तो ड्यूटी सायकल. ६० टक्के लिहिले असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. हा आकडा कोणत्या अँपिअरला दिला आहे हेही पाहा. कमी अँपिअरला विश्रांती कमी लागते. घरच्या कामात तशीही एक रॉड मिनिटभरात संपते. मग स्लॅग फोडायचा, ब्रश मारायचा, पुढचा तुकडा बसवायचा. मशीनला आपोआप उसंत मिळते. दिवसभर सलग काम काढणाऱ्यासाठी मात्र हे मशीन नाही.

वीजबिलाची भीती अनेक भगिनींना वाटते. ती फारशी खरी नाही. ८० अँपिअरवर मशीन सव्वादोन-अडीच किलोवॅट ओढते. रविवारच्या अख्ख्या दुपारच्या कामात प्रत्यक्ष ठिणगी वीस मिनिटेच पडते, म्हणजे एक युनिटही होत नाही. भीती बाळगायची ती वायरिंगची. जुन्या घरातली वायर, सैल झालेला प्लग, टीव्हीसाठी आणलेला बारीक एक्स्टेंशन बोर्ड यांवर हे मशीन कधीही लावू नये. लांब वायर लागणारच असेल तर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्यावी आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरावी. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हा खर्चही वहीत लिहा.

काय जोडता येते, काय नाही

या मशीनने साधे लोखंड जोडता येते : अँगल, पट्टी, सळई, जाड पाइप. दीड-दोन मिलिमीटर जाडीचे काम शिकाऊ माणसालाही महिनाभरात जमू लागते. बाजारात मिळणारे फर्निचरचे चौकोनी पाइप बहुधा १८ गेजचे, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतात. नवशिक्याने त्यावर रॉड टेकवला की भोक पडते. म्हणून पहिल्या कामांसाठी १४ गेजचा पाइप आणा. महाग पडतो, पण वाया जात नाही. रॉड ६०१३ जातीचा घ्यावा. तो नवख्या हाताला सोसतो. पुडक्यावर आयएस ८१४ ची नोंद पाहा. कोकणात रॉड हवेतला ओलावा धरतो, म्हणून झाकण घट्ट असलेल्या डब्यात ठेवावा.

अॅल्युमिनिअम या मशीनने होत नाही, असेच समजा. स्टीलची भांडी, पातळ पत्रा यांचा नाद सोडा. आणि काही कामे जमत असली तरी घरच्या हाताने करायची नाहीत : गच्चीचा आणि बाल्कनीचा कठडा, मुलांचा झोका, जिना, पाण्याची मोठी टाकी ठेवायचा उंच सांगाडा, गाडीची चॅसिस. जोड वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून पोकळ असतो. माणसाचा भार ज्यावर पडतो ते काम जाणत्या वेल्डरचे. पेट्रोल-डिझेलची टाकी, रंगाचा रिकामा डबा, गॅसचे सिलिंडर यांना तर ठिणगी दाखवूच नये. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

दादीची धास्ती खोटी नाही

घरातल्या मोठ्यांच्या भीतीवर तरुण मुले हसतात. या बाबतीत हसू नये. वेल्डिंगच्या प्रकाशातले अतिनील किरण डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा भाजतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. यालाच लोक "डोळ्याला वेल्डिंग लागले" म्हणतात. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरे होते, पण त्या काळात बटाट्याची चकती, दूध, मध, गुलाबपाणी असले काही डोळ्यात घालू नये. बधीर करणारे थेंब दुकानातून आणून वारंवार टाकणे त्याहून वाईट. दुखणे थांबते, पण आतली इजा वाढते. थंड पाण्याची पट्टी बंद डोळ्यांवर ठेवावी, अंधारात पडून राहावे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

काच दहा नंबरच्या शेडची हवी. साधा काळा गॉगल चालत नाही. काम करणाऱ्याच्या डोळ्यावर काच असते. इजा होते ती शेजारी उभ्या राहून पाहणाऱ्या धाकट्या भावंडांना. म्हणून घरात लहान मुले असतील तर नियम एकच ठेवा : मशीन सुरू असताना मुले घराच्या दुसऱ्या बाजूला, आणि कामाच्या जागेभोवती जाड, न जळणारा आडोसा.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. नायलॉन-पॉलिस्टरला ठिणगी लागली की कापड वितळून कातडीला चिकटते. मुली काम करणार असतील, आणि का करू नये, तर ओढणी सुती हवी, नीट खोचलेली किंवा डोक्याला घट्ट बांधलेली. पायांत बंद बूट हवेत, चप्पल नाही.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात. पेंढा, जळण, गाद्या, सिलिंडर त्या अंतरात नको. जवळ पाण्याची आणि वाळूची बादली असावी. पाणी मात्र मशीन बंद करून प्लग काढल्याशिवाय ओतू नये. काम संपल्यावर तासभर त्या जागेवर लक्ष ठेवावे, कारण आग बऱ्याचदा लोक जेवायला आत गेल्यावर धुमसते. पावसाळ्यात ओल्या अंगणात, घामाने भिजलेल्या कपड्यांत काम करू नये. काम नसताना होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवणार नाहीत, ओल्या अंगाला धोक्याचे ठरतात.

राहिला धूर. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आधी दूध प्यायले की काही होत नाही, असे जुने कारागीर सांगतात. पण दूध पोटात जाते आणि धूर फुप्फुसात. मुलामा घासून काढा किंवा साधा पाइप आणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराची गणना कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केली आहे. घाबरून जाण्यासाठी हे सांगत नाही. काम उघड्यावर करा आणि डोके धुराच्या लोटात घालू नका, यासाठी सांगतो.

यावरून जागेचे उत्तर मिळते. अंगण, परसदार किंवा उघडी पडवी असेल तरच हे मशीन घरात यावे. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत, जिन्याखाली याला जागा नाही. तिथे यादी कितीही लांब असली तरी आमचे उत्तर "नको" हेच.

हौस, रोजी आणि उस्ताद

आता त्या मुलाकडे वळू. "चार पैसे मिळतील" हे त्याचे म्हणणे तपासावे लागेल. ज्याच्या मशीनला दर काही मिनिटांनी विश्रांती लागते आणि ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला गिऱ्हाईक गेट बनवायला देणार नाही. दिले तरी तुटलेल्या जोडाची जबाबदारी त्याच्यावर येईल. शिवाय घरगुती वीजजोडणीवर धंदा सुरू करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे लागते. परवानगीपेक्षा वेगळ्या कामासाठी वीज वापरल्याचे ठरले तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. सहा हजारांच्या मशीनवर रोजी उभी राहील, असे धरून चालू नये.

पण त्याच्या इच्छेत एक चांगली गोष्ट आहे. त्याला हाताने काही करायचे आहे. वेल्डर हा आयटीआयमधला एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. आपल्या कोकणातले कितीतरी लोक याच कसबावर आखातात गेले. तिथे नुसते "येते" म्हणून भागत नाही, चाचणी द्यावी लागते. पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप सगळीकडून जोडून दाखवणे, ज्याला सिक्स-जी म्हणतात, ही त्यातली अवघड चाचणी. ती जमणाऱ्याला आणि साधा टाका मारणाऱ्याला एक पगार मिळत नाही. हा पल्ला घरच्या मशीनवर, व्हिडिओ पाहून गाठता येत नाही. त्याला उस्ताद लागतो, जो हात धरून सांगतो की रॉडचा कोन चुकला, अंतर वाढले, वेग जास्त झाला.

म्हणून या भगिनींना आमचा सल्ला असा. आज मशीन घेऊ नका, पण "नको" म्हणून मुलाला गप्पही करू नका. त्याला सांगा, गावातल्या किंवा तालुक्यातल्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन महिने हाताखाली जा. आधी झाडू मारायला, लोखंड घासायला, मापे घ्यायला लावतील. ते करून जो टिकतो त्याची हौस खरी. त्याची काच, हातमोजे आणि बूट मात्र आजच घेऊन द्या. हे दोन-अडीच हजार कुठेही वाया जात नाहीत. दोन महिन्यांनी उस्तादाला विचारा. तो म्हणाला, "पोराचा हात चालतो," तर आयटीआयचा अर्ज भरा आणि मग सरावासाठी घरी मशीन आणा. तेव्हा ते सहा हजार शिक्षणाच्या खात्यात पडतील, हौसेच्या नव्हे. दोन महिन्यांतच कंटाळला तर नऊ हजार वाचले. वडिलांनाही फोनवर हाच हिशोब सांगा. राबणाऱ्या माणसाला तो पटेल.

ज्यांच्या घरी आधीच हात बसलेला माणूस आहे, आखातातून परतलेले भाईजान किंवा आयटीआय झालेला पुतण्या, शिवाय अंगण आहे आणि कामांची यादीही आहे, त्यांनी हे मशीन जरूर घ्यावे. वाडी लांब असून वेल्डर यायलाच दोनशे रुपये घेतो, अशा शेतकरी घरांनीही घ्यावे.

घेणारच असाल तर

दुकानात किंवा ऑनलाइन पैसे देण्याआधी एवढे पाहा. आपल्या जिल्ह्यात दुरुस्तीचे केंद्र आहे का? ही मशीने बिघडतात ती आतल्या कार्डात, आणि ते नाक्यावरच्या मेकॅनिकला सहसा जमत नाही. हमी किती महिन्यांची आणि तीत काय वगळले आहे? सोबतची केबल किती लांब, आणि आतली तार तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची? दुसऱ्या प्रकारची केबल लवकर तापते. पार्सल उघडताना चित्रण करून ठेवा. मग परत करायची मुदत संपण्याआधी जाणत्या माणसाकडून ८० अँपिअरवर पाच-सहा रॉड लागोपाठ चालवून घ्या. ठिणगी तुटते का, पंखा फिरतो का, केबल आणि प्लग हाताला चटका देतात का, हे त्यात कळते. तक्रार असेल तर त्याच दिवशी नोंदवा.

शेवटचे, हप्त्याबद्दल. "बिनव्याजी हप्ता" अशी पाटी दिसली तरी बँक बहुधा व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क गिऱ्हाइकाकडून जाते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या घरांनी ही बारीक अक्षरे वाचल्याशिवाय बटण दाबू नये. दर महिन्याला हजार-दोन हजार बाजूला ठेवून सहा-आठ महिन्यांनी रोखीने घ्या. तेवढ्या काळात यादीतली किती कामे खरोखर निघाली, हेही वहीत दिसेल.